"मॅडम, मोजली कोणी?"

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इतिहासाच्या पुस्तकावरून कुठे वाद झाला की तुमच्या पत्रांच्या पानावर दोन्हीकडची पत्रं येतात, हा धडा का वगळला, त्या माणसाला दोनच ओळी का दिल्या, आणि मी ती सगळी नीट वाचते कारण गेली बावीस वर्षं मी हाच विषय अकरा ते चौदा वयाच्या मुलांना शिकवतेय. पण त्या पत्रांमध्ये एक गोष्ट कधीच येत नाही. पुस्तकात काहीही छापलेलं असू दे, तासाच्या त्या पस्तीस मिनिटांत वर्गात नेमकं होतं काय, हे कुणीच विचारत नाही. म्हणून आज लिहायला बसले, पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

होतं ते साधारण असं. धडा वाचायचा, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारायला सांगायच्या, स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावर लिहायची, मुलांनी ती उतरवून घ्यायची आणि परीक्षेत तीच परत लिहायची. रिकाम्या जागा, जोड्या लावा, कारणे द्या. मीही पहिली आठ-नऊ वर्षं असंच शिकवलं, पोर्शन वेळेत संपायचा, वह्या पूर्ण असायच्या, आणि मला वाटायचं की चांगलं चाललंय.

मग एकदा अशोकाचा धडा चालू होता. कलिंगच्या युद्धात एक लाख माणसं मारली गेली असं मी सांगितलं आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नसे, तो म्हणाला, "मॅडम, मोजली कोणी?" वर्ग हसला. मला वाटलं हा टिवल्याबावल्या करतोय, मी त्याला म्हटलं की धड्यात आहे ते लिहून घे. तो बसला खाली, आणि वर्षभर परत त्याने काही विचारलं नाही. हे मला आजही बोचतं, कारण त्याने इतिहासाचा सगळ्यात मोठा प्रश्न विचारला होता आणि मी त्याला गप्प बसवलं. उत्तर तेव्हा मला माहीत नव्हतं, खरं कारण ते होतं.

नंतर शोधलं तर कळलं की हा आकडा खुद्द अशोकाच्याच तेराव्या शिलालेखातला आहे. एक लाख मारले गेले, दीड लाखांना तिथून हलवलं, आणि त्याच्या कितीतरी पट आणखी मेले, असं तो राजा स्वतः दगडावर लिहवून घेतो. म्हणजे हा आकडा जिंकलेल्याने दिलेला आहे, तो नेमका मोजून दिलाय की "खूप" या अर्थाने गोल दिलाय हे आपण सांगू शकत नाही, पण जिंकलेला राजा आपल्या विजयाबद्दल वाईट वाटल्याचं लिहितो ही गोष्ट मात्र दगडावर आहे. हे एवढं वर्गात बोलायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं मी त्या मुलाला दिली नाहीत.

आता बघा, इतिहासाच्या पुस्तकात बहुतेक पहिलाच धडा साधनांवर असतो. भौतिक साधने, लिखित साधने, मौखिक साधने. मुलं हे तीन प्रकार आणि प्रत्येकाची दोन-दोन उदाहरणं पाठ करतात, चाचणीत लिहितात, आणि त्यानंतर वर्षभर एकही साधन हातात घेत नाहीत! पोहण्याचे प्रकार पाठ करायचे आणि पाण्यात पाय घालायचाच नाही असं झालं हे. नंतरचे सगळे धडे असे लिहिलेले असतात की जणू ते कुणी लिहिलेच नाहीत, ते आपोआप माहीत होते.

त्यामुळे मी काय करायला लागले ते सांगते, कारण नुसतं "विचार करायला शिकवा" म्हणून काही होत नाही. दर वर्षी सुरुवातीलाच मी टायटॅनिकचे दोन-तीन तास घेते. ते पोर्शनमध्ये नाही हे मला माहितीये. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री जहाज हिमनगाला धडकलं, १५ तारखेला पहाटे बुडालं, दीड हजारांहून जास्त लोक गेले, सातशेच्या आसपास वाचले, एवढं सांगून मी एकच प्रश्न फळ्यावर लिहिते. जहाज बुडताना अखंड होतं की त्याचे दोन तुकडे झाले होते? आणि मग गटागटाला साक्षी वाटते, सोप्या मराठीत लिहून. एका गटाकडे लाइटोलर नावाचा अधिकारी, वाचलेल्यांतला सगळ्यात वरच्या हुद्द्याचा, त्याने चौकशीत सांगितलं की जहाज अखंड बुडालं. दुसऱ्या गटाकडे जॅक थेयर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा, तो म्हणतो माझ्या डोळ्यांदेखत दोन तुकडे झाले. बाकीच्या गटांकडे आणखी प्रवासी आणि खलाशी, काही इकडचे काही तिकडचे.

मग मतदान. दर वर्षी बहुतेक मुलं अधिकाऱ्याच्या बाजूने जातात, तो मोठा माणूस, त्याला जहाजातलं कळतं, आणि तो दुसरा तर पोरगा आहे. यावर मी काही बोलत नाही. थोड्या वेळाने कुणीतरी विचारतंच की पण तेव्हा ते दोघं होते कुठे, आणि मग मी सांगते की दोघंही पाण्यात होते, दोघंही एकाच उलट्या झालेल्या बोटीवर चढून वाचले. वर्गात एकदम शांतता होते. एकाच बोटीवरची दोन माणसं, एकच जहाज बघतायत, आणि दोन वेगळ्या गोष्टी सांगतायत. मग प्रश्न सुरू होतात आणि ते मला थांबवावे लागतात. अंधार होता का? होता, चंद्र नव्हता, आणि शेवटी जहाजावरचे दिवेही गेले. अधिकारी कंपनीचा नोकर होता का? होता. मग तो खोटं बोलला का? इथे मी त्यांना अडवते, की नोकरी होती म्हणजे खोटं बोलण्याचं कारण असू शकतं, पण कारण असणं म्हणजे खोटं बोलल्याचा पुरावा नाही. हे वाक्य बारा वर्षांच्या मुलांना कळत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा वर्गात येऊन बसावं.

मग मी सांगते की अमेरिकेत चौकशी झाली, ब्रिटनमध्ये झाली, आणि दोन्हीकडे निष्कर्ष निघाला की जहाज अखंड बुडालं. अधिकाऱ्याच्या बाजूची मुलं टाळ्या वाजवतात. तास संपतो. दुसऱ्या दिवशी मी समुद्राच्या तळाचं चित्र दाखवते. १९८५ साली जहाजाचे अवशेष सापडले, जवळजवळ पावणेचार किलोमीटर खोल, आणि ते दोन तुकड्यांत आहेत, दोन्हींच्या मध्ये साधारण सहाशे मीटरचं अंतर. त्र्याहत्तर वर्षं अधिकृत कागदावर जे होतं ते चूक होतं, आणि ते सतरा वर्षांचं पोरगं बरोबर होतं.

त्या दिवशी वर्गाचे चेहरे बघण्यासारखे असतात. पण खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि मला वाटतं ही गोष्ट पालकांना आणि शिक्षकांनाही नीट सांगायला हवी. या वयातलं मूल आधी समजतं की पुस्तकात आहे म्हणजे खरं. ते एकदा हललं की ते थेट दुसऱ्या टोकाला जातं, मग काय सगळेच आपापलं सांगतात, खरं कुणालाच माहीत नाही, ज्याला जे वाटतं ते. ही दुसरी अवस्था पहिलीपेक्षा घातक आहे असं माझं ठाम मत आहे. मोबाइलवर येणारा कुठलाही फॉरवर्ड अशाच मनात घर करतो, कारण तिथे सगळंच सारखं झालेलं असतं, पुरावा असलेलं आणि नसलेलं. म्हणून मी टायटॅनिकच निवडते, कारण तिथे शेवटी उत्तर आहे. साक्षी दोन तऱ्हेच्या होत्या म्हणून जहाज अर्धं अखंड आणि अर्धं तुटलेलं बुडालं नाही ना! काहीतरी एकच झालं होतं. साक्षीदारांचं एकमत नव्हतं म्हणजे खरं काही नव्हतंच असं होत नाही, आणि कधीकधी नवा पुरावा येतो आणि आपल्याला मत बदलावं लागतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ही तिसरी पायरी मुलांना आपणहून सापडत नाही, तिथपर्यंत हात धरून न्यावं लागतं, आणि त्याला एक तास नाही, दोन-तीन वर्षं लागतात.

आता मला माहितीये लगेच काय म्हटलं जाईल. मग सनावळ्या नकोत का, पाठांतर सगळं वाईट का. अजिबात नाही. "आम्ही तारखा पाठ करून घेत नाही" असं अभिमानाने सांगायची जी पद्धत आलीये ती मला पटत नाही. डोक्यात काहीच नसेल तर मूल विचार कशाचा करणार? आधी काय, नंतर काय हेच माहीत नसेल तर कशामुळे काय झालं हे कसं कळणार? पण चाळीस तारखा घोकण्यापेक्षा पंधरा तारखा अशा पक्क्या हव्यात की त्यांच्याभोवती बाकीचं टांगता येईल, आणि त्या पक्क्या करायला मी दर तासाच्या सुरुवातीला मार्क न देता चार-पाच प्रश्न विचारते, मागच्या महिन्यातले सुद्धा, पुस्तक बंद ठेवून. एवढ्यानेही खूप राहतं लक्षात.

आणि काळ किती मोठा आहे हे मुलांना आकड्यात कळतच नाही, त्यांना दोनशे वर्षं आणि दोन हजार वर्षं दोन्ही "खूप पूर्वी". म्हणून सुतळी घ्या. शंभर वर्षांना वीस सेंटिमीटर. आजपासून मागे जायचं. छापखाना, म्हणजे गुटेनबर्ग, साधारण १४५०, तो सव्वा मीटरच्या आतच येतो. क्लिओपात्रा चार मीटरवर. गिझाचा मोठा पिरॅमिड नऊ मीटरवर, म्हणजे ती राणी पिरॅमिड बांधणाऱ्यांपेक्षा आपल्या जास्त जवळची निघते, आणि यावर मुलं भांडतात, परत मोजतात, सुतळी ओढून बघतात. लिखाणाची सुरुवात दहा मीटरच्या जरा पुढे, तिथे सुतळी संपवायची. मग विचारायचं की आपल्यासारखी माणसं पृथ्वीवर तीन लाख वर्षांपासून आहेत, तर सुतळी किती लागेल? सहाशे मीटर! त्यातले फक्त शेवटचे दहा मीटर लिहिलेले आहेत. एक मुलगी एकदम म्हणाली, "मग बाकीच्यांचं काय झालं?" तिथून हाडं, दगडाची हत्यारं, गुहांतली चित्रं हा सगळा विषय मला सुरू करावाच लागला नाही, तो सुरू झाला.

अजून एक सवय या वयात फार दिसते, पूर्वीची माणसं मूर्ख होती असं समजायची. १८५४ साली लंडनमध्ये कॉलराची साथ आली तेव्हा बऱ्याच डॉक्टरांना वाटत होतं की हा रोग घाणेरड्या हवेने होतो, हे ऐकलं की वर्ग हसतो. मग मी त्यांना फक्त तेव्हाच्या लोकांना जेवढं माहीत होतं तेवढंच देते, घाण वास जिथे तिथे रोग जास्त, गरीब वस्तीत जास्त, जंतू कुणी सिद्ध केलेला नाही, आता तुम्ही सांगा. वर्गातले निम्म्याहून जास्त हवेवरच येतात. आणि मग जॉन स्नो या लंडनच्या डॉक्टरांचा नकाशा दाखवायचा, मृत्यू कुठल्या घरांत झाले त्याच्या खुणा, आणि मधोमध तो पाण्याचा पंप. रॉबर्ट कॉख यांनी कॉलराचा जंतू वेगळा करून दाखवला तो १८८४ मध्ये, नकाशानंतर तीस वर्षांनी. स्नो यांनी जंतू न बघता पाण्याकडे बोट दाखवलं होतं, हे मुलांना तेव्हा कुठे मोठं वाटतं.

इथे माझी एक चूकही सांगितली पाहिजे. गुलामगिरीचा विषय "अनुभवातून" शिकवायचा म्हणून मी एका वर्षी वर्गाचे दोन भाग केले, एक मालक, एक गुलाम, दिवसभरासाठी. दुपारपर्यंत मालक झालेली मुलं मजा घ्यायला लागली होती आणि एक मुलगी रडत होती. मी ते तिथेच बंद केलं, तिची आणि वर्गाची माफी मागितली. असल्या गोष्टी नाटकाने कळत नाहीत, उलट हलक्या होतात. त्यानंतर मी ब्रूक्स या जहाजाचं चित्र दाखवते, १७८८ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्यांनी छापलेलं, चारशेहून जास्त माणसं जहाजात कशी एकाला एक चिकटवून झोपवलेली आहेत ते. पाच मिनिटं नुसतं बघायचं, बोलायचं नाही. मग विचारायचं की हे चित्र कुणी छापलं, कुणाला दाखवायला, यात काय नाहीये. एकाने सांगितलं, "कुणालाच चेहरा नाहीये." आणि लढणाऱ्यांच्या चित्रातही त्यांना चेहरा का नव्हता यावर ती मुलं जे बोलली ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

परीक्षेबद्दल थोडंच लिहिते, कारण सगळं शेवटी तिथेच येऊन अडकतं. "कारणे द्या" हा प्रश्न मुळात चांगला आहे, पण आपण त्याची चार मुद्द्यांची ठरलेली यादी करून टाकली. पहिल्या महायुद्धाची कारणं घ्या. मी ती चिठ्ठ्यांवर लिहून देते, राष्ट्रांचे गट, शस्त्रांची स्पर्धा, बाल्कनमधली धुसफूस, २८ जून १९१४ ची सारायेव्होतली ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या, आणि त्या दिवशी त्याच्या गाडीच्या ड्रायव्हरने घेतलेलं चुकीचं वळण सुद्धा. मग सांगते की लाकडं कुठली, रॉकेल कुठलं आणि काडी कुठली ते लावा. ड्रायव्हर वळलाच नसता तर युद्ध टळलं असतं का, यावर दोन गट पडतात, आणि दोघांनाही कारण सांगावं लागतं. असा मुलगा परीक्षेत चारच्या ऐवजी तीन मुद्दे लिहील, पण ते त्याचे असतील, आणि आपण त्याचा एक मार्क कापतो.

माझं मागणं काही अवघड नाहीये. सगळे धडे असे शिकवा असं मी म्हणतच नाही, वेळ नाही, आणि काही धडे सरळ गोष्ट सांगूनच चांगले होतात, गोष्ट सांगणं हे काही कमी दर्जाचं काम नाही. पण प्रत्येक सत्रात निदान एक धडा तरी "हे कळलं कसं?" या प्रश्नावर उभा करावा, आणि परीक्षेत एक तरी प्रश्न असा असावा की ज्यात मुलांनी आधी न पाहिलेलं चित्र किंवा चार ओळींचा उतारा दिलाय आणि विचारलंय की यावरून काय सांगता येतं आणि काय सांगता येत नाही. पेपरात आलं की वर्गात आपोआप येतं. आणि ज्याचा तास रिकामा आहे त्याला इतिहास देऊन टाकायचा ही पद्धत बंद व्हावी. इतिहास काय, कुणीही वाचून दाखवेल, असं समजलं जातं, आणि मग तो खरंच कुणीतरी नुसता वाचून दाखवतो.

अशोकाचा धडा मी आता वेगळा शिकवते. आधी तेराव्या शिलालेखातला उतारा वाचायचा, मग नकाशावर अशोकाचे शिलालेख दाखवायचे, आणि मग सांगायचं की हा जो युद्धाचा आणि पश्चात्तापाचा लेख आहे तो खुद्द कलिंगात, म्हणजे आजच्या ओडिशातल्या धौली आणि जौगडला, कोरलेलाच नाही. तिथे अकरा, बारा आणि तेरा हे तिन्ही लेख गाळलेत आणि त्यांच्या जागी दुसरेच दोन लेख आहेत, अधिकाऱ्यांना उद्देशून, त्यात राजा म्हणतो की सगळी माणसं माझी मुलं आहेत, आणि हा लेख ठरलेल्या दिवशी वाचून ऐकवावा. का केलं असेल असं? यंदा एका मुलाने लगेच सांगितलं की तिथल्या लोकांना राग येऊ नये म्हणून लपवलं. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, त्यांच्यापासून काय लपवणार? त्यांचीच माणसं मेली होती ना." मग त्या पहिल्या मुलाला आपलं म्हणणं परत मांडावं लागलं, तिसऱ्याने मध्येच विचारलं की नंतर जन्मलेल्या मुलांना कुठे माहीत होतं, आणि घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

आपली नियमित वाचक,
एक इतिहास शिक्षिका